ब्रेकची तक्रार: पायाला कळते ते कागदावर यावे

जून २०२२ मध्ये अमरावती आणि अकोल्याच्या मधला रस्ता जगभर गाजला. राष्ट्रीय महामार्ग ५३ वर, म्हणजे वऱ्हाडातली जुनी माणसे अजूनही ज्याला ‘सहा नंबर’ म्हणतात त्या रस्त्यावर, लोणी ते माना या पट्ट्यात ७५ किलोमीटरचा डांबरी थर १०५ तास ३३ मिनिटांत सलग टाकला गेला आणि त्याची गिनीज बुकात नोंद झाली. त्याच वर्षी ११ डिसेंबरला समृद्धी महामार्गाचा नागपूर-शिर्डी टप्पा खुला झाला. धामणगाव रेल्वे आणि नांदगाव खंडेश्वर तालुक्यांतून जाणाऱ्या त्या रस्त्यावर मोटारींना ताशी १२० किलोमीटरची मुभा आहे. एकेकाळी खड्डे चुकवत चाळीस-पन्नासने जाणाऱ्या एमएच २७ आणि एमएच ३० क्रमांकाच्या गाड्या आता सहज शंभरी ओलांडतात. त्यांत दोन-सव्वादोन टनांच्या आलिशान एसयूव्हीही आहेत.

गाडीचा वेग दुप्पट झाला की तिला थांबवताना जिरवायची ऊर्जा चौपट होते. सुमारे २.३ टनांची गाडी ताशी ६० वरून थांबवायला जेवढी उष्णता ब्रेकमध्ये निघते, त्याच्या चौपट ताशी १२० वरून थांबवताना निघते. साध्या हिशेबात सांगायचे तर ताशी १२० वरून एका पूर्ण थांब्याची ही उष्णता पावणेचार लिटर गार पाण्याला उकळी आणेल. मे महिन्यात अकोल्याचा पारा ४५ च्या पुढे गेलेला असताना ब्रेकच्या डिस्क आणि कॅलिपर थंड व्हायलाही वेळ घेतात. म्हणून अशा गाडीच्या ब्रेकबद्दलची तक्रार पुढच्या सर्व्हिसिंगवर ढकलण्याजोगी नसते.

वऱ्हाडातल्या मालकांची अडचण अंतराची आहे. बहुतेक महागड्या कंपन्यांच्या अधिकृत वर्कशॉपसाठी नागपूर नाहीतर छत्रपती संभाजीनगर गाठावे लागते. अमरावतीहून नागपूर दीडशे किलोमीटर, अकोल्याहून अडीचशे. मालक फोनवर सांगतो, गाडी ड्रायव्हर घेऊन जातो, काउंटरवर सर्व्हिस ॲडव्हायझर लिहून घेतो. या तीन तोंडांमधून जाताना तक्रारीचा जीव निघून जातो. घरी ‘भाऊ, ब्रेक लागूनच नाही राहिला’ असे कळवळून सांगितलेले जॉब कार्डवर ‘ब्रेक चेक करणे’ एवढेच उरते. पुढे अपघात झाला, वॉरंटीचा वाद झाला किंवा ग्राहक आयोगापुढे जायची वेळ आली, तर त्या तीन शब्दांनी मालकाचे काहीच सिद्ध होत नाही.

इतकी महाग गाडी, नामांकित कंपनी, तिच्या ब्रेकमध्ये दोष कसा असेल, असे अनेकांना मनापासून वाटते. गेल्या काही वर्षांतल्या तीन मोठ्या रिकॉल मोहिमा पाहिल्या तर हा समज राहणार नाही.

मार्च २०१६ मध्ये फोक्सवॅगन टुआरेग आणि पोर्शे कायेन या दोन एसयूव्हींच्या २०११ ते २०१६ मॉडेलच्या मिळून सुमारे आठ लाख गाड्या परत बोलावल्या गेल्या. कारण होते पेडलच्या आधाराला असलेली एक छोटीशी सर्क्लिप. ती सैल होण्याची शक्यता होती.

मे-जून २०२२ मध्ये मर्सिडीज-बेंझची पाळी आली. २००४ ते २०१५ या काळात बनलेल्या एमएल आणि जीएल या एसयूव्ही आणि आर-क्लास अशा जगभरातल्या जवळपास दहा लाख गाड्या कंपनीने तपासणीसाठी बोलावल्या. या गाड्यांच्या ब्रेक बूस्टरवर, म्हणजे पायाचा जोर वाढवणाऱ्या डब्यावर, रबरी आवरण असते. त्याच्याखाली ओलावा साचून वर्षानुवर्षे गंज चढत होता. गंजाने बूस्टरच्या डब्याला भोक पडले की आतली पोकळी (व्हॅक्यूम) गळते आणि पेडल दाबायला फार जोर लागतो. क्वचित प्रसंगी पेडलचा ब्रेकशी संबंधच तुटू शकतो. अमेरिकेत तर सुमारे २ लाख ९२ हजार मालकांना तपासणी होईपर्यंत गाडी चालवूच नका, असे कंपनीने कळवले होते.

सप्टेंबर २०२४ मध्ये बीएमडब्ल्यूने सुमारे १५ लाख गाड्यांसाठी उपाययोजना जाहीर केली. एक्स१, एक्स५, एक्स७ पासून मिनी आणि रोल्स-रॉइसच्या काही गाड्यांपर्यंत यादी होती. कॉन्टिनेन्टल कंपनीने पुरवलेल्या इलेक्ट्रॉनिक ब्रेक युनिटमधला सिग्नल खंडित होण्याची शक्यता होती. तसे झाल्यास ब्रेक लागतो, पण यंत्राची मदत जाते, पायाने जास्त जोर लावावा लागतो आणि एबीएससारख्या सोयी बंद पडू शकतात.

एकीकडे क्लिप, एकीकडे गंज, एकीकडे सिग्नल. तिन्ही ठिकाणी चालवणाऱ्याला पहिली सूचना पायातून किंवा समोरच्या दिव्यातून मिळते. म्हणून पायाला काय कळले ते नेमके ओळखणे ही तक्रारीची पहिली पायरी.

पेडल दगडासारखे कडक झाले आणि गाडी उशिरा थांबते, तर संशय बूस्टरवर किंवा त्याच्या पोकळीच्या नळीवर. नेहमीचा व्हॅक्यूम बूस्टर असलेल्या गाडीत याची चाचणी अंगणातसुद्धा करता येते. इंजिन बंद ठेवून पेडल चार-पाच वेळा दाबायचे. ते कडक होते. मग पाय तसाच दाबून ठेवून इंजिन सुरू करायचे. बूस्टर ठीक असेल तर पेडल पायाखाली थोडे खाली सरकते. जागचे हलले नाही तर गाडी रस्त्यावर न्यायची नाही.

याउलट पेडल मऊ लागते, हळूहळू तळाला बसते, दोन-तीनदा पंप केल्यावर वर येते, तर तेल गळते आहे, आत हवा शिरली आहे, मास्टर सिलिंडर आतून गळतो आहे किंवा ब्रेक ऑइल जुने झाले आहे. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषते, हे पुष्कळांना माहीत नसते. डॉट ४ प्रतीचे नवे तेल किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही, त्यात ३.७ टक्के पाणी शिरले की ही हमी १५५ अंशांवर येते. चिखलदऱ्याहून परतवाड्याकडे किंवा पातूरचा घाट उतरताना सतत ब्रेकवर पाय ठेवला की हा फरक जाणवतो. तेलात वाफेचे बुडबुडे होतात, बुडबुडे दाबले जातात आणि पेडल फरशीला टेकते. खाली आल्यावर गाडी तासभर उभी केली की सगळे ठीक वाटते, आणि वर्कशॉपमध्ये ‘आम्हाला काही आढळले नाही’ असे उत्तर मिळते. अशा तक्रारीत ‘घाट उतरताना, गाडीत सात माणसे, वीस मिनिटांनी’ हा तपशील लिहिला नसेल तर दोष सापडणार नाही. तेल किलोमीटरवर नव्हे, वर्षांवर जुने होते. बहुतेक कंपन्या दर दोन वर्षांनी ते बदलायला सांगतात. लग्नसराईपुरती बाहेर निघणारी, वर्षाला चार हजारच चाललेली गाडीसुद्धा याला अपवाद नाही.

शंभरच्या वेगात ब्रेक लावताना स्टिअरिंग थरथरले तर डिस्कची जाडी सगळीकडे सारखी राहिलेली नसते. गाडी एका अंगाला ओढली तर एखादा कॅलिपर चिकटलेला असतो. थोडे अंतर चालवल्यावर त्या चाकाजवळ हात नेला (रिमला लावायचा नाही) तरी धग जाणवते. पावसात उभ्या असलेल्या गाडीचा सकाळी पहिल्या दोन-तीन ब्रेकला होणारा घासल्याचा आवाज, किंवा निसरड्या रस्त्यावर जोरात ब्रेक लावल्यावर एबीएसमुळे पायाला लागणारे धक्के, हा मात्र दोष नव्हे. पॅड झिजणे हाही दोष नाही. ते वापराने संपणारे आहेत आणि बहुतेक वॉरंटीत बसत नाहीत. नव्या पॅडचा घासणारा थर साधारण दहा-बारा मिलिमीटर असतो. तीनच्या आसपास आला की बदलावा. डिस्कची किमान जाडी तिच्यावरच कोरलेली असते. सर्व्हिस ॲडव्हायझर डिस्क बदलायला सांगतो तेव्हा ती कोरलेली संख्या बघावी आणि समोर व्हर्नियर लावायला सांगून मोजलेली जाडी बिलावर लिहून घ्यावी. एवढे मागितले म्हणून कोणी प्रामाणिक वर्कशॉप रागावत नाही.

चालत्या गाडीत ब्रेकने दगा दिला तर काय करायचे, हे घरातल्या प्रत्येक चालवणाऱ्याला आणि ड्रायव्हरला आधीच माहीत असले पाहिजे. पेडल तळाला गेले तर भराभर पंप करावे. पेडल कडक झाले तर पंप करू नये, त्याने उरलीसुरली पोकळीही संपते. दोन्ही पायांनी सगळ्या ताकदीने दाबून धरावे. गिअर मॅन्युअलवर घेऊन एकेक खाली आणावा. आजच्या बहुतेक एसयूव्हींमध्ये इलेक्ट्रिक पार्किंग ब्रेकचे बटण चालत्या गाडीत ओढून धरले की गाडी सावकाश थांबते. आपल्या गाडीत तशी सोय आहे का, हे पुस्तिकेत आजच बघावे. इंजिन बंद करू नये, कारण ब्रेक आणि स्टिअरिंग दोघांची मदत जाईल. थांबल्यावर ‘हळूहळू नागपूरपर्यंत नेतो’ हा विचार मनातही आणू नये. कंपनीच्या रोडसाइड असिस्टन्सला फोन करून गाडी फ्लॅटबेडवरच पाठवावी. त्या फोनची वेळ आणि तक्रार क्रमांक हा पुराव्याचा पहिला कागद ठरतो.

आता जॉब कार्ड. तक्रार आधी घरी कागदावर लिहावी, गाडी पाठवण्यापूर्वी वर्कशॉपच्या ईमेलवर टाकावी आणि ड्रायव्हरच्या हाती छापील प्रत द्यावी. ‘तारीख अमुक, सकाळी साडेनऊ, बोरगाव मंजूजवळ, वेग ताशी अंदाजे ९०, रस्ता कोरडा, ब्रेक दाबताच पेडल कडक झाले, लाल दिवा लागला, गाडी नेहमीपेक्षा बरीच पुढे जाऊन थांबली, ओडोमीटर अमुक’ असे लिहिलेले असेल तर कोणत्याही मेकॅनिकला दिशा मिळते आणि कोणत्याही आयोगाला चित्र दिसते. जॉब कार्डवर हाच मजकूर आला का, हे बघूनच ड्रायव्हरने सही करावी. शेजारी बसलेल्याने मीटरवरच्या दिव्याचा मोबाइलवर व्हिडिओ घेतला असेल तर तोही सोबत पाठवावा. डॅशकॅमचे रेकॉर्डिंग काही दिवसांत पुसले जाते, ते लगेच उतरवून घ्यावे.

गाडी परत घेताना तीन गोष्टी मागाव्यात. स्कॅनरवर निघालेल्या फॉल्ट कोडची छापील प्रत, कोड पुसण्याआधीची. काय तपासले आणि काय बदलले याची लेखी नोंद. वॉरंटीतला भाग कंपनी परत घेते, पण मालकाने पैसे मोजून बदललेला जुना भाग तरी मागून घ्यावा, निदान त्यावरच्या क्रमांकासह फोटो काढावा. ‘दोष आढळला नाही’ असे म्हणत असतील तर तेही लिहून द्यायला सांगावे. तीच तक्रार तीनदा आणि तिन्ही वेळा ‘दोष आढळला नाही’, ही कागदांची मालिका मालकाच्या बाजूची असते. एक पथ्य मात्र पाळायचे. वॉरंटीत असलेल्या गाडीचा ब्रेक वाद मिटेपर्यंत बाहेरच्या गॅरेजमध्ये उघडायचा नाही. अमरावती-अकोल्यात हुशार मेकॅनिक आहेत. पण कंपनीला ‘बाहेर हात लागला’ एवढेच म्हणायचे असते.

वर्कशॉप दाद देत नसेल तर कंपनीच्या मुख्यालयाच्या ग्राहक विभागाला चासी नंबरसह लेखी पत्र द्यावे आणि या नंबरावर कोणता रिकॉल प्रलंबित आहे का, असे थेट विचारावे. रिकॉलचे काम गाडीशी बांधलेले असते. वॉरंटी संपली, मालक बदलला तरी ते कंपनी विनामूल्य करते. १ एप्रिल २०२१ पासून मोटार वाहन कायद्याच्या कलम ११०-अ खाली सक्तीच्या रिकॉलची तरतूद लागू आहे. सात वर्षांपेक्षा कमी वयाच्या गाडीचा मालक ‘वाहन’ पोर्टलवर सुरक्षेशी संबंधित दोष नोंदवू शकतो. एका मॉडेलच्या तक्रारी ठरावीक संख्येपर्यंत पोहोचल्या की चौकशी होते. कमी खपाच्या मॉडेलसाठी ही संख्या कमी ठेवली आहे, त्यामुळे महागड्या गाडीच्या प्रत्येक मालकाच्या नोंदीला वजन आहे. माझ्या एकट्याच्या तक्रारीने काय होणार, असे म्हणून गप्प बसणारा मालक त्याच मॉडेलच्या दुसऱ्या कुटुंबाला अंधारात ठेवतो.

नुकसानभरपाई हवी असेल तर रस्ता ग्राहक आयोगाचा. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर आधी तक्रार टाकता येते; बऱ्याच कंपन्या तिथेच हलतात. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तक्रारदाराला मोठी सोय दिली आहे. कंपनीचे कार्यालय पुण्यात असो की गुरुग्राममध्ये, तक्रार राहत्या जिल्ह्यात करता येते. गाडीसाठी मोजलेली किंमत ५० लाखांपर्यंत असेल तर अमरावती किंवा अकोल्याचा जिल्हा आयोग. ५० लाखांच्या वर २ कोटींपर्यंत राज्य आयोग, ज्याचे परिक्रमा खंडपीठ नागपूरला बसते. वीस ते पन्नास लाखांच्या गाडीसाठी शुल्क अवघे १,००० रुपये, ५० लाख ते १ कोटीसाठी २,०००. तक्रार ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या दाखल होते.

उत्पादनातला दोष सिद्ध करण्याचा भार साधारणपणे तक्रारदारावर असतो आणि इथेच बरीच प्रकरणे कोसळतात. वस्तू तपासल्याशिवाय दोष ठरवता येत नसेल तर आयोग ती प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो. तसा अर्ज तक्रारीसोबतच करावा, दोन वर्षांनी युक्तिवादाच्या वेळी नव्हे. पुण्याची एआरएआय ही वाहन चाचणी संस्था किंवा एखादे शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय तज्ज्ञ म्हणून सुचवता येते.

सर्वोच्च न्यायालयाचे चार निकाल वऱ्हाडातल्या मालकाने लक्षात ठेवण्यासारखे आहेत. २००६ च्या मारुती उद्योगच्या प्रकरणात न्यायालयाने म्हटले की वॉरंटीत सदोष भाग दुरुस्त करून किंवा बदलून देण्याचे वचन असेल तर त्यावरून नवी गाडी मागता येत नाही. म्हणून तक्रारीत दुरुस्ती, भाग बदल, परतावा, भरपाई अशा पर्यायी मागण्या क्रमाने लिहाव्यात. २०२१ मध्ये गोव्यातल्या एका ग्राहकाच्या खटल्यात डीलरने जुन्या सालची गाडी नवी म्हणून दिल्याचा वाद होता. तिथे डीलरच्या कृतीसाठी टाटा मोटर्सला जबाबदार धरले गेले नाही, कारण कंपनीविरुद्ध नेमका आरोप आणि पुरावाच नव्हता. डीलर आणि उत्पादक दोघांनाही पक्षकार करावे आणि कोणाचे काय चुकले ते वेगवेगळे लिहावे. एप्रिल २०२२ मध्ये ह्युंदाई क्रेटाच्या न उघडलेल्या एअरबॅगच्या प्रकरणात मात्र ग्राहकाला न्याय मिळाला. धडकेचा जोर किती होता याचे गणित मांडायला ग्राहक भौतिकशास्त्राचा तज्ज्ञ नसतो, असा न्यायालयाचा सूर होता. सुरक्षेसाठी दिलेल्या यंत्रणेचा दोष असेल तर हा निकाल वकिलाच्या नजरेस आणून द्यावा.

चौथा निकाल जुलै २०२४ चा. जिनिंग, डाळमिल किंवा बांधकामाच्या फर्मच्या नावावर घेतलेली गाडी ‘व्यावसायिक कारणासाठी’ म्हणून मालक ग्राहकच नाही, असा बचाव कंपन्या हमखास घेतात. दोन मर्सिडीज गाड्यांच्या प्रकरणांत न्यायालयाने तो बचाव मानला नाही. संचालकाच्या वैयक्तिक वापरासाठी घेतलेली गाडी नफ्याच्या उलाढालीशी थेट जोडलेली नसेल तर कंपनीही ग्राहक ठरते. गाडी घरगुती वापरात आहे हे दाखवणारे कागद जपावेत. तिचे भाडे घेतले जात असेल तर मात्र हा आधार राहत नाही.

जुन्या बाजारातून येणाऱ्या गाड्यांची गोष्ट निराळी आहे. दिल्ली परिसरात दहा वर्षांपुढच्या डिझेल गाड्यांवर निर्बंध आल्यापासून तिकडच्या मोठ्या एसयूव्ही ना-हरकत प्रमाणपत्र घेऊन इतर राज्यांत स्वस्तात विकल्या जातात. त्यांत एमएल आणि जीएल असतात, म्हणजे बूस्टरच्या गंजाच्या मोहिमेत ज्यांची नावे आली तीच मॉडेल. अशी गाडी बघायला जाताना आरसी, काचेखालचा आणि दाराच्या खांबावरचा चासी नंबर जुळवावा, तो नंबर देऊन अधिकृत वर्कशॉपकडून प्रलंबित रिकॉलची लेखी माहिती घ्यावी आणि सौदा त्यानंतरच बोलावा. बॉनेट उघडल्यावर इंजिनामागच्या भिंतीला टेकलेला काळा गोल डबा म्हणजे बूस्टर. एमएल-जीएलवर त्याला रबरी पट्टा असतो. पट्ट्याच्या कडेला तांबूस डाग किंवा पोपडे दिसले तर पट्टा काढून आतला पत्रा दाखवायला सांगावा. विकणारा नको म्हणाला तर ती गाडी तिथेच सोडून यावी.

वॉरंटी संपलेल्या गाडीचे काम बाहेर करून घेतानाही एक खबरदारी हवी. मागच्या चाकांना इलेक्ट्रिक पार्किंग ब्रेक असलेल्या गाडीचे पॅड बदलताना मोटर आधी स्कॅनरने सर्व्हिस मोडमध्ये न्यावी लागते. स्क्रू-ड्रायव्हरने पिस्टन मागे ढकलणाऱ्या गॅरेजला हे काम देऊ नये. मोटर तुटली की पॅडचे वाचवलेले पैसे कितीतरी पटीने जातात.

शेवटी मुदतीची गोष्ट. ग्राहक आयोगात तक्रार करण्याची मुदत वादाचे कारण घडल्यापासून दोन वर्षांची आहे. वर्कशॉपच्या ‘पुढच्या महिन्यात नवा पार्ट येतोय’ या फोनमध्ये ती सरत जाते आणि तोंडी आश्वासनाने वाढत नाही. पहिल्या जॉब कार्डची तारीख घरातल्या कॅलेंडरवर लिहावी. दीड वर्षात तक्रार सुटली नाही तर वकिलाची नोटीस स्पीड पोस्टने डीलर आणि उत्पादक दोघांच्या नोंदणीकृत पत्त्यांवर पाठवावी आणि पोहोच पावती जॉब कार्डांच्या फाइलमध्ये लावावी.